कलाटणी पटते ती कशामुळे?

सूडावर बेतलेला एखादा मानसशास्त्रीय थरारपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक शेवटावर नाराज असेल, तर तो सहसा ‘हे अशक्य आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पटलं नाही.’ मराठीतले हे क्रियापद इथे फार कामाचे आहे, कारण शक्य असलेली गोष्टही पटत नाही आणि उघडउघड अशक्य असलेली गोष्ट कधीकधी बिनबोभाट पटून जाते. शिवाय आपण ‘ओळख पटली’ असेही म्हणतो. रहस्यकथेच्या शेवटी नेमके हेच दोन अर्थ एकत्र येतात: खरा माणूस कोण याची ओळख पटावी लागते आणि ती ओळख मनाला पटावी लागते. पहिले काम तुलनेने सोपे असते, कारण पडद्यावरच्या कोणालाही शेवटच्या दहा मिनिटांत खलनायक ठरवता येते. दुसरे काम साधते कधी आणि फसते कधी, हे काही प्रसिद्ध चित्रपटांच्या आधारे पाहू. त्यासाठी ‘ले दियाबोलिक’, ‘कहानी’, ‘ओल्डबॉय’ आणि ‘बदलापूर’ यांचे शेवट उघड करावे लागणार आहेत. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत आणि पाहायचे आहेत, त्यांनी इथेच थांबावे.

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात एक छोटी हकीकत दिली आहे. मिटिस नावाच्या माणसाचा खून झाला होता. पुढे आर्गोस येथे त्याच मिटिसचा पुतळा, खुनी तो पाहत असताना, त्याच्या अंगावर कोसळला आणि खुनी मेला. पुतळा कोसळणे हा निव्वळ योगायोग. पण तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडला असता तर ती केवळ दुर्घटना ठरली असती, आणि खुन्याच्या अंगावर पडल्यामुळे ती कथा झाली. अॅरिस्टॉटलचे म्हणणे असे की, अनपेक्षित घटना एकमेकींतून निघाल्या तर त्या सर्वांत जास्त चकित करतात, आणि योगायोगातही हेतू दिसला की त्याचा परिणाम वाढतो. सूडकथेचे बीज या चार ओळींत आहे: आपल्याला जग हिशेब ठेवणारे असावे असे वाटते, आणि हिशेब चुकता होताना दिसला की त्यामागच्या यंत्रणेकडे आपण थोडा काणाडोळा करतो.

त्याच ग्रंथात आणखी दोन गोष्टी आहेत. नायकाची परिस्थिती उलट दिशेला फिरणे, म्हणजे कलाटणी, आणि अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे, म्हणजे ओळख पटणे, या दोन घटना एकाच क्षणी घडल्या तर ते उत्तम, असे तो सांगतो. दुसरे म्हणजे, न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता बरी, आणि जे तर्काला सोडून आहे ते शक्यतो नाटकाच्या बाहेर, पडदा उघडण्यापूर्वी घडलेले असावे. आपल्याकडे नाट्यशास्त्रानेही नाटकाच्या अखेरच्या ‘संधी’त, म्हणजे कथानकाच्या शेवटच्या टप्प्यात, अद्भुत रस असावा असे सांगितले आहे. पण तिथेही त्या शेवटाचे बीज आरंभीच पेरलेले असावे लागते. म्हणजे अखेरीस चकित करणे हा दोष कुठल्याच परंपरेने मानलेला नाही. पेरणी न करता पीक दाखवणे हा दोष आहे.

आता सूडच का? पैशासाठी किंवा सत्तेसाठी गुन्हा करणाऱ्या पात्राला प्रेक्षक फारशी सवलत देत नाही. संपत्तीसाठी एखादा पंधरा वर्षे दबा धरून बसला, तर एवढ्या काळात त्याने मुदत ठेव का केली नाही, असा प्रश्न मनात येतो. सूडाचे तसे नाही. ज्याचे माणूस मारले गेले आहे, तो दहा वर्षे झोपला नाही, त्याने नाव बदलले, शत्रूच्याच घरी नोकरी धरली, हे सारे आपण मानायला तयार असतो. याला काही आधारही आहे. झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विश्वासघात करणाऱ्याला दंड करताना माणसाच्या मेंदूतला समाधानाशी निगडित भाग सक्रिय होतो, असे दिसले होते. दंडाची ही ओढ आपल्या ओळखीची असते, म्हणून पात्राच्या आटापिट्याचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही. मात्र ही सवलत अमर्याद नाही. योजना जितकी अवजड, तितके दुःखही जड असावे लागते, आणि बहुतेक फसलेल्या कलाटण्यांत तराजूची ही दोन पारडी जुळलेली नसतात. शाळेत कोणीतरी हसले म्हणून अर्ध्या शहराला वेठीस धरणारा खलनायक हास्यास्पद वाटतो, तो याचमुळे.

मानसशास्त्रीय सूडकथेची दुसरी अडचण अशी की, सूड घेणारा आणि कथा रचणारा यांचे काम एकच असते. दोघेही खरी योजना लपवतात, खोटा सुगावा ठेवतात आणि समोरच्याने कधी काय पाहावे हे ठरवतात. त्यामुळे लेखकाला आपली प्रत्येक लबाडी पात्राच्या नावावर टाकता येते. मात्र लबाडी पात्राची नसून केवळ लेखकाची आहे हे उघडे पडले, तर प्रेक्षक माफ करत नाही.

आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा ‘ले दियाबोलिक’ हा १९५५ सालचा फ्रेंच चित्रपट या दृष्टीने आजही पुन्हा पाहण्यासारखा आहे. एका निवासी शाळेचा क्रूर मुख्याध्यापक मिशेल, त्याची हृदयविकाराने आजारी पत्नी क्रिस्तिना, आणि त्याच शाळेत शिकवणारी त्याची प्रेयसी निकोल, अशी तीन मुख्य पात्रे आहेत. दोन्ही स्त्रिया मिळून मिशेलला गुंगीचे औषध देऊन न्हाणीच्या टबमध्ये बुडवतात आणि वेताच्या पेटाऱ्यातून त्याचे प्रेत आणून शाळेच्या पोहण्याच्या तलावात टाकतात. पुढे तलावातले पाणी काढले जाते, तेव्हा तळाशी प्रेत नसतेच. मग त्याचा सूट धुलाईच्या दुकानातून परत येतो आणि शाळेच्या छायाचित्रात खिडकीशी त्याचा चेहरा दिसतो. अखेरीस एका रात्री क्रिस्तिना न्हाणीत जाते, टबमधून मिशेल उठून उभा राहतो आणि तिचे हृदय बंद पडते. मिशेल मेलेलाच नव्हता. तो आणि निकोल यांनी मिळून हा सारा बनाव रचला होता. जुलमाचा सूड घेतो आहोत असे क्रिस्तिनाला वाटत होते, आणि तो सूड हाच तिच्यासाठी लावलेला सापळा होता.

थंड डोक्याने पाहिले तर ही योजना कच्ची आहे. क्रिस्तिनाने मध्येच पोलिसांत जाऊन कबुली दिली असती तर? पाण्याखाली मिशेलचा दम तुटला असता तर? शेवटच्या रात्री तिचे हृदय बंद पडलेच नसते तर? तरीही पाहताना हे प्रश्न सुचत नाहीत, आणि त्याचे कारण केवळ भीतीचे वातावरण हे नाही. खरे कारण असे की, योजना बिघडली तर ती दुरुस्त करणारा एक हात सतत आत आहे, आणि तो निकोलचा. क्रिस्तिना कचरली की निकोल तिला पुढे रेटते, ती घाबरली की निकोल तिला समजावते किंवा दरडावते, आणि मिशेलला पाण्याखाली दाबून धरण्याचे कामही निकोलच करते. ज्या योजनेत शंभर गोष्टी आपोआप जुळाव्या लागतात ती पटत नाही. जिथे कोणीतरी जागेवर हजर राहून त्या जुळवत असते, ती पटते. क्रिस्तिनाच्या हृदयविकाराचा उल्लेखही शेवटी खिशातून काढल्यासारखा येत नाही. तो सुरुवातीपासून आपल्यासमोर असतो, डॉक्टर तिला जपून राहायला सांगतात, आणि आपण मात्र त्याकडे तिच्याविषयी दया वाटावी म्हणून दिलेला तपशील समजून पाहत राहतो.

तपशील दाखवायचा, पण त्याचा खरा अर्थ लक्षात येऊ द्यायचा नाही, ही या प्रकारातली सर्वांत अवघड कारागिरी आहे, आणि ती अवघड का आहे हे घरच्या घरी तपासता येते. टेबलावर बोटांनी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’चा ठेका वाजवावा आणि समोरच्याला ओळखायला सांगावे. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, टाळ-झांजा, सगळे ऐकू येत असते. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच प्रयोग केला होता. आपण वाजवलेली गाणी निम्म्या वेळा तरी ओळखली जातील असे वाजवणाऱ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही, याचा अंदाज बांधणे माणसाला जमत नाही. शेवट माहीत असलेल्या लेखकाला आपला सुगावा कधी फार ढोबळ वाटतो आणि म्हणून तो त्याला इतका पातळ करतो की, शेवटी उकल झाल्यावर प्रेक्षकाला तो आठवतच नाही. मग कलाटणी आकाशातून पडल्यासारखी वाटते. उलट बाजूला प्रेक्षकाची एक सवय लेखकाच्या मदतीला येते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, एकदा निकाल कळला की तो आपल्याला आधीपासूनच संभाव्य वाटत होता असे माणसाला वाटू लागते. मध्यंतरात बटाटावडा खाताना तीन चुकीचे खुनी सांगितलेला प्रेक्षक नाटक संपल्यावर ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. चांगल्या कलाटणीला हा भ्रम हवाच असतो, कारण ‘मला कळायला हवे होते’ हीच पटण्याची खरी खूण आहे.

सुजॉय घोष यांच्या २०१२ सालच्या ‘कहानी’त हे सारे एका पोटावर उभे आहे. विद्या बागची ही गरोदर स्त्री लंडनहून कोलकात्याला येते आणि हरवलेल्या नवऱ्याचा शोध घेऊ लागते. शहरात दुर्गापूजेची धामधूम असते. तिच्या नवऱ्याशी साम्य असलेला मिलन दामजी नावाचा कोणी माणूस होता असे कळते, आणि तिला माहिती देणारे लोक मारले जाऊ लागतात. विजयादशमीच्या रात्री मिलन दामजी समोर येतो, तेव्हा ते पोटच खोटे असल्याचे उघड होते आणि ती त्याला ठार करते. दोन वर्षांपूर्वी कोलकाता मेट्रोत त्याने घडवलेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात तिचा नवरा मेला होता आणि त्या धक्क्याने तिचे मूलही गेले होते. लंडनहून आलेली, नवरा शोधणारी विद्या बागची कधी नव्हतीच.

ही कलाटणी पटते याचे श्रेय मी पटकथेइतकेच आपल्या सामाजिक सवयीला देईन. गरोदर बाई दिसली की आपण खुर्ची पुढे करतो, गर्दीत वाट करून देतो, आवाज खाली आणतो. आपण तिच्याकडे आदराने पाहतो, बारकाईने पाहत नाही. कोलकात्यातला पोलीस अधिकारी राणा तिच्यासाठी नियम वाकवतो, तोंडाळ गुप्तचर अधिकारी खानसुद्धा तिला वापरता येईल असे समजतो, आणि दोघांपैकी कोणालाही तिच्यावर संशय घेणे सुचत नाही. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाचेही तेच होते. म्हणजे पडद्यावरची माणसे ज्या कारणाने फसतात, त्याच कारणाने आपणही फसतो. शिवाय सूडाच्या तराजूत वजनही बरोबर पडते: जे मूल तिच्याकडून हिरावले गेले, त्याचाच आकार पोटावर बांधून ती वावरते. हे वेषांतर केवळ सोयीचे नाही, ते तिच्या दुःखातून आलेले आहे.

मात्र याच चित्रपटात एक जागा अशी आहे जिथे मला अजूनही अडखळायला होते. तिचा नवरा म्हणून आधीच्या दृश्यांत आपल्याला जो चेहरा दाखवला जातो, तो मिलन दामजीचा असतो. खरा नवरा दिसतो तो शेवटी, आणि त्याची भूमिका वेगळ्याच नटाने केली आहे. पात्राने पात्राशी खोटे बोलणे वेगळे आणि कॅमेऱ्याने थेट प्रेक्षकाला खोटे दाखवणे वेगळे. हिचकॉक यांनी १९५० च्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये आरंभीच एका पात्राने सांगितलेली हकीकत दृश्यरूपात दाखवली, ती पुढे खोटी निघाली, आणि प्रेक्षक रुष्ट झाले, तसे करायला नको होते, हे त्यांनी पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत मान्य केले. ‘कहानी’च्या बाजूने असे म्हणता येईल की, ती दृश्ये म्हणजे विद्याने रचलेली गोष्टच आहे आणि चित्रपटाचे नावही तेच सांगते. हा बचाव हुशारीचा आहे. तो मला अर्धाच पटतो.

पार्क चान-वूक यांचा ‘ओल्डबॉय’ हा २००३ सालचा दक्षिण कोरियन चित्रपट मात्र अशक्यतेला थेट दारातूनच आत घेतो. ओ दे-सू या सामान्य माणसाला कोणीतरी पकडून एका खासगी तुरुंगातल्या खोलीत १५ वर्षे डांबते आणि मग एके दिवशी अचानक सोडून देते. असा तुरुंग असू शकतो का, हा प्रश्न चित्रपट आपल्याला विचारूच देत नाही, कारण तो कथेचा शेवट नसून आरंभ आहे. ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतही निरपराध नायक १४ वर्षे किल्ल्यात खितपत पडतो आणि बाहेर येताच त्याला अफाट खजिना मिळतो, ही अशक्यता मान्य केली की पुढचा सारा सूड त्या खजिन्याच्या बळावर घडतो. उंबरठ्यावर वाचक एक मोठी थाप उदार मनाने स्वीकारतो. तीच थाप माजघरात मारली तर तो उठून जातो.

दे-सू सुटल्यावर शोध घेतो तो जिभेने. तुरुंगात १५ वर्षे एकाच प्रकारचे तळलेले ‘मांडू’, म्हणजे मोमोसारखा कोरियन पदार्थ, खायला मिळाले होते. त्यांची चव ओळखण्यासाठी तो एकामागून एक खानावळीत जाऊन ते मागवतो, चावतो आणि पुढे जातो. हा तपशील इतका शारीरिक आणि साधा आहे की, त्याच्या जोरावर आपण बाकीचे बरेच काही मान्य करतो. आपल्याला कैदेत का टाकले, हे तो शोधत राहतो, आणि सूड घेणारा ली वू-जिन त्याला शेवटी सांगतो की प्रश्नच चुकला. सोडले का, हे विचारायला हवे होते. सुटकेनंतर जिच्या प्रेमात तो पडला ती मि-दो ही त्याची स्वतःची मुलगी असते. शाळेत असताना दे-सूने वू-जिन आणि त्याच्या बहिणीच्या संबंधांबद्दल सहज काहीतरी बोलून टाकले होते, त्याची अफवा झाली आणि त्या बहिणीने जीव दिला. कैदेची १५ वर्षे ही शिक्षा नव्हती; मुलगी मोठी होईपर्यंतची ती वाट होती.

ही कलाटणी प्रेक्षकाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि म्हणून आधीचा प्रत्येक प्रसंग वेगळा दिसू लागतो. पण बाप आणि मुलगी एकमेकांकडे ओढले जावेत यासाठी दोघांनाही संमोहित केले होते, हे स्पष्टीकरण तिचा सर्वांत दुबळा दुवा आहे. संमोहनाने माणूस अधिक सूचनाक्षम होतो हे खरे, पण त्याला कळसूत्री बाहुली करून अमुक वेळी अमुक व्यक्तीच्या प्रेमात पाडता येत नाही. चित्रपट त्यातून सुटतो तो वू-जिनच्या दुःखाच्या वजनामुळे, आणि संमोहन वगळले तरी १५ वर्षे माणसाचा स्पर्श न मिळालेल्या माणसाला प्रेमात पडायला संमोहनाची फारशी गरज नाही, असे आपले आपणच जुळवून घेतो म्हणून.

या प्रकारात ‘मानसशास्त्रीय’ या शब्दाच्या आड बराच कामचुकारपणा खपतो, आणि त्याबाबत थोडे कठोर व्हायला हरकत नाही. डोक्याला मार लागून आपले नाव, घर आणि माणसे विसरलेला, पण बाकी ठणठणीत असलेला नायक पडद्यावर वारंवार भेटतो. प्रत्यक्षात मेंदूला इजा झाल्यावर नव्या आठवणी साठवणे कठीण होणे हे जास्त आढळते. दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचेही तसेच. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये या विकाराचे नाव बदलून त्यात ओळख तुटण्यावर भर दिला, आणि त्याचा संबंध बहुतांशी बालपणी सोसलेल्या आघाताशी जोडला जातो. दिवसा सज्जन आणि रात्री खुनी अशी पाळी तो वाटून देत नाही. रोग हेच उत्तर ठरले की हेतू उरत नाही, आणि हेतू नसलेली सूडकथा म्हणजे नुसताच रक्तपात. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले, त्यांत वाचकाची पूर्वतयारी करून घेतल्याखेरीज जुळे भाऊ आणू नयेत, असाही एक होता. आज ते लिहिते तर विस्मरणाचाही त्यात समावेश करते, असे मला वाटते.

याच्या अगदी उलट, एकही युक्ती न वापरता कलाटणी कशी देता येते हे श्रीराम राघवन यांच्या २०१५ सालच्या ‘बदलापूर’मध्ये दिसते. पुण्यात बँक लुटून पळताना दोन चोरांच्या हातून रघूची बायको आणि लहान मुलगा मारले जातात. एक चोर, लायक, पकडला जातो आणि रघू १५ वर्षे वाट पाहतो. कोणाचेही सोंग नाही, कोणाची आठवण गेलेली नाही, सारे आपल्या डोळ्यांसमोर घडते. बदलते ते आपले मत. रघूचा सूड इतका थंड आणि निर्दय होत जातो की सहानुभूती हळूहळू पातळ होते, आणि शेवटी रघूने केलेले खून लायक स्वतःच्या अंगावर घेतो. एक अट्टल बदमाश असे का करील? कारण त्याला कर्करोग झाला आहे, त्याच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत, आणि हे आपल्याला आधीच सांगितलेले असते, त्याच्या सुटकेचे कारण म्हणून. ‘ले दियाबोलिक’मधल्या हृदयविकारासारखाच हा तपशील एका कामासाठी आला असे वाटते आणि दुसरेच काम करून जातो.

शेवट आधी कळला तर मजा जाते, असा समज पक्का आहे, आणि क्लूझो यांनीही ‘ले दियाबोलिक’च्या अखेरीस, पाहिलेले मित्रांना सांगून त्यांचा रस घालवू नका, अशी विनंती करणारी पाटी दाखवली होती. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील दोन संशोधकांनी वाचकांना लघुकथांचे शेवट आधीच सांगून पाहिले, तेव्हा मात्र त्या वाचकांना कथा किंचित जास्तच आवडल्या. धक्क्यावरच उभ्या असलेल्या चित्रपटाला हे लागू पडेल की नाही, याबद्दल मी साशंक आहे. पण क्लूझो यांचा चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला बसावे आणि त्या न्हाणीच्या प्रसंगाशी थांबावे. पहिल्या वेळी नजर पाण्यात बुडणाऱ्या मिशेलवर आणि थरथरणाऱ्या क्रिस्तिनावर असते. दुसऱ्या वेळी ती निकोलच्या हातांवर जाते, आणि ते हात त्याला किती जोराने, किती वेळ आणि नेमके कसे धरून आहेत, हे पाहताना टबमध्ये पडलेल्या त्या माणसाने श्वास कसा रोखला असेल, याचाच विचार येत राहतो.